घरचा नमुना

नाशिकच्या गृहसंगणक परीक्षण केंद्रात एक लांबलचक खोली आहे. तिला तिथले सगळे 'आळी' म्हणतात. दोन्ही बाजूंच्या मांडण्यांवर घरोघरी असतात तसले साधे संगणक ओळीने बसवलेले, आणि प्रत्येक संगणकात एकेक कुटुंब राहतं. खरं नव्हे, कृत्रिम. एका घरातली बाई सकाळी उठून आधी राशिभविष्य वाचते आणि मग भाजी मागवते. शेजारच्या घरातला मुलगा अभ्यासाचं पान उघडून ठेवतो आणि त्याच्या आडून क्रिकेट बघतो. पलीकडचे एक काका समोर येईल त्या 'मान्य आहे'वर न वाचता टिचकी मारतात. या काकांच्या जिवावरच आपलं केंद्र चाललंय, असं आळीतली माणसं चहा पिताना म्हणत असत.

एवढा खटाटोप कशासाठी, तर हेरप्रणालींसाठी. गुपचूप घरच्या संगणकात शिरायचं, माणसं काय लिहितात, काय बघतात, कोणाशी काय बोलतात ते टिपायचं आणि बाहेर आपल्या धन्याला कळवायचं, हे त्यांचं काम. त्यांना हुडकून हाकलून देणाऱ्या त्या हेररोधक प्रणाली. हे रोधक कितपत खरे, कितपत नुसते जाहिरातीतले वाघ, याची परीक्षा केंद्रात व्हायची. पण हेरही आता भोळे राहिले नव्हते. आपण प्रयोगशाळेत आहोत अशी नुसती शंका आली तरी ते मेल्याचं सोंग घेऊन पडून राहत. घर नांदतं आहे, माणसं आपापल्या नादात आहेत, अशी खात्री पटली की मगच डोकं वर काढत. म्हणून ही आळी वसवावी लागली.

आळीचा कारभार डॉ. गौतमी वाणी यांच्याकडे होता. पन्नाशीला टेकलेली बाई, कामात काटेकोर आणि बोलण्यात तुटक. तिने एखाद्या रोधकाला उत्तीर्ण म्हटलं की लोक डोळे मिटून तो घरी बसवत. अनुत्तीर्ण म्हटलं की बनवणाऱ्याने गाशा गुंडाळायचा. ती निकालाच्या बाबतीत कोणाची भीडभाड ठेवत नाही, अशी तिची ख्याती होती आणि तिला त्या ख्यातीचा थोडा अभिमानही होता.

त्या दुपारी नजीर तडवी तिच्यासमोर बसला होता. यावलकडचा मुलगा. मुलगा म्हणायची सवय, एरवी त्याचेही कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. आधी तो याच केंद्रात तिच्या हाताखाली होता. मग नोकरी सोडून त्याने चार मित्रांच्या साथीने स्वतःचा हेररोधक बनवायला घेतला आणि त्यात वर्षानुवर्षं घालवली. त्या रोधकाचं नाव कोयंडा. गेल्या महिन्यात गौतमीने कोयंड्याला अनुत्तीर्ण ठरवलं होतं, आणि नजीरने फेरतपासणीचा अर्ज केला होता.

"ताई, आप्पा गेल्याचं फार उशिरा कळलं," तो म्हणाला. "नाहीतर अमळनेरला नक्की आलो असतो."

"असू दे. आप्पा शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते. त्या दिवशी सकाळीसुद्धा कॉम्प्युटरवर बसले होते. असं मरण नशीबवानाला येतं."

वडील गेल्यापासून हे वाक्य तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता ते आपोआप तोंडात यायचं. पण ती ते उगाच म्हणत नव्हती. तिचा त्यावर विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर त्या एका वाक्याच्या आधारानेच ती पुन्हा कामावर येऊन बसली होती.

"चल, सुरू करू," ती म्हणाली. "फेरतपासणीत सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ध्वनिमुद्रण चालू आहे. तुझा कोयंडा हेर कसा ओळखतो?"

नजीर हसला. तिला हे पाठ होतं हे त्याला ठाऊक होतं.

"जुने रोधक हेराचा चेहरा लक्षात ठेवायचे," तो म्हणाला. "पकडलेल्या प्रत्येक हेराची ओळखखूण साठवायची आणि तशी खूण पुन्हा दिसली की आरडाओरडा करायचा. आता हेर यंत्रच घडवतं, आणि प्रत्येक घरासाठी नवा घडवतं. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. त्यामुळे ओळखखुणा साठवून हाताला काही लागत नाही."

"मग वागणं बघायचं. बाहेर बातमी कोण नेतं ते."

"बाहेर बातमी सगळेच नेतात, ताई. बँकेची प्रणाली नेते, शाळेची नेते, विजेचं मीटर नेतं. डॉक्टरांनी बसवलेली रक्तदाबाची पट्टी नेते. ते काही हेर नव्हेत. मग हेर कोण? घरच्या माणसाला पत्ता लागू न देता बातमी नेतो तो. म्हणजे प्रश्न प्रणालीचा नाही, माणसाचा आहे. माणसाला माहीत आहे की नाही?"

"आणि ते कोयंड्याला कसं कळतं?"

"हातावरून. शेजारच्या खोलीत पाहुणे उतरलेले असले की आपण नळसुद्धा जरा हळू सोडतो. कोणी सांगावं लागत नाही. आपल्याला कोणी बघतंय याचं भान असलं की माणूस कळफलकावरही वेगळा वागतो. दोन अक्षरांमधलं अंतर बदलतं, खाडाखोड कमी होते, माउस इकडेतिकडे भटकत नाही. सवय झाली तरी हे पूर्ण जात नाही. एखादी प्रणाली जागी असताना घरच्यांचा हात सावरतो आणि ती झोपली की सैल होतो, असं दिसलं, तर घरच्यांना ती ठाऊक आहे. कोयंडा तिला 'घरचा' म्हणून सोडून देतो. प्रणाली बातमी नेतेय आणि हाताला त्याचं काहीच नाही, असं दिसलं, तर तो हेर. त्याला बाहेर काढायचं. आम्ही याला भानमापन म्हणतो."

"आळीतल्या घरांमध्ये कोयंड्याने एकही हेर सोडला नाही, हे मी अहवालात लिहिलंय," गौतमी म्हणाली. "तो नापास झाला तो घरच्या नमुन्यावर."

घरचा नमुना ही या केंद्राची जुनी रीत. आळी कितीही हुबेहूब वसवली तरी शेवटी ती नाटकातली. म्हणून प्रत्येक परीक्षक एक नमुना स्वतःच्या हाताने घडवायचा, जो जगात दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि तो एखाद्या खऱ्याखुऱ्या घरात लावायचा. घर बहुधा नात्यातलंच असायचं. आमच्या केंद्रातून एक नवी सुरक्षा प्रणाली तुमच्याकडे बसवून बघतोय, एवढं सांगून घरच्यांची परवानगी घ्यायची, नमुन्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घर कोणाचं आणि नमुना कोणता, हे परीक्षकाखेरीज कोणालाच माहीत नसायचं. हा नमुना निसटला की बाकी सगळं बरोबर असूनही रोधक नापास. फेरतपासणी मागितली, तरच नमुना उघड करावा लागे.

गौतमीने नमुना उघडला. नजीरने कोयंड्याने त्या घरात ठेवलेली नोंद शेजारच्या पडद्यावर घेतली आणि थोडा वेळ दोन्हीकडे बघत राहिला.

"हा तर पहिल्याच आठवड्यात दिसलाय," तो म्हणाला. "रोज सकाळी दोनेक तास जागा असतो, मग एक छोटीशी बातमी बाहेर पाठवतो आणि झोपतो. कोयंड्याने त्याला बरोबर हेरलं होतं. पण हाताला भान आहे, ताई. भरपूर आहे. म्हणून घरचा समजून सोडला."

"तिथेच तो चुकला. त्या घरात एकच माणूस होतं आणि त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं."

"कशावरून?"

"मला माहीत आहे म्हणून."

"हे परीक्षकाचं उत्तर झालं नाही," नजीर हळू म्हणाला. "मला तुम्हीच शिकवलंय."

गौतमीने ध्वनिमुद्रण थांबवलं. मग उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

"ते घर आप्पांचं होतं," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा गौतमीने आप्पांना नाशिकला चला म्हणून खूप विनवलं होतं. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने हट्टी. अमळनेर सोडायला तयार नव्हते. बरं, मग घरात कॅमेरे बसवू? नको. सोबतीला बाई ठेवू? नको. "माझ्यावर नजर ठेवायची नाही, गौतमी. मी काही कैदी नाही," असं त्यांनी तिला स्पष्ट बजावलं. तिने मान डोलावली, आणि जन्मभर हेर पकडणाऱ्या या बाईने परतण्यापूर्वी बापाच्या संगणकात स्वतःच्या हाताने एक हेर बसवला.

तिने त्याचं नाव ठेवलं दिवा. आप्पा काय लिहितात, काय वाचतात ते दिवा बघत नसे. सकाळच्या वेळी संगणक सुरू झाला का, कळफलकावर हात फिरतोय का, एवढंच तो कळवायचा. सगळं ठीक असेल तर गौतमीच्या फोनवर हिरवा ठिपका उमटायचा आणि नसेल, किंवा बातमीच आली नाही, तर पिवळा. हिरवा दिसला की तिचा जीव भांड्यात पडायचा. पिवळा दिसला की ती अमळनेरला फोन करायची, आणि कोयंड्याच्या परीक्षेची वेळ आली तेव्हा हाताशी असलेला, जगात दुसऱ्या कोणाकडे नसलेला नमुना म्हणून तिने दिव्याचंच नाव लावलं. नियमाला धरूनच होतं ते. केंद्रात कोणीही असंच केलं असतं.

आणि तिला हवा तसाच निकाल लागला. कोयंड्याने दिव्याला हेर म्हटलं नाही, म्हणजे चूक कोयंड्याची. दिवा हिरवा असताना आप्पा गेले, म्हणजे आप्पा बरे असताना गेले, यात तिला कुठे फट दिसत नव्हती. दिव्याला खोटं बोलता येत नव्हतं, कारण आप्पांना दिवा माहीतच नव्हता.

नजीर सगळं ऐकून घेत होता. निकाल बदलला तर काय होईल, हे त्याला तिच्याआधी कळलं. आप्पांना माहीत होतं असं एकदा मानलं, की तिच्या फोनवरच्या प्रत्येक हिरव्या ठिपक्याखालची जमीन सरकली. बघणारा आहे हे ठाऊक असलेला माणूस बघणाऱ्याला काय दाखवायचं ते स्वतः ठरवतो.

त्याने पडदा मिटवला. "मी अर्ज मागे घेतो, ताई."

"वेडा आहेस का? इतक्या वर्षांचं काम मातीत घालशील?"

"दुसरा बनवू. त्यात काय मोठंसं."

त्यात काय आहे हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. एकदा या केंद्रात नापास झालेल्या रोधकाला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. खोटं कशाला सांगा, गौतमीच्या मनात येऊन गेलं की घेऊ दे अर्ज मागे. आप्पा सुखाने गेले, नजीर तरुण आहे, कोणाचं काय बिघडतं? पण तेवढ्यात दुसरंही काहीतरी आत हललं. आप्पांना माहीत असेल तर ते किती दिवस? आणि मग बोलले का नाहीत? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर तो घेऊन घरी जाणं तिला शक्य नव्हतं.

"उघड तो पडदा," ती म्हणाली. "कोयंड्याची तीन महिन्यांचीच नोंद आहे. माझ्याकडे दिव्याची पहिल्या दिवसापासूनची आहे. त्या सगळ्या नोंदीवर तुझं भानमापन चालव."

दिव्याची नोंद तिने आजवर कधी उघडूनच पाहिली नव्हती. ठिपका बघितला की काम झालं, बाकी अंतरं आणि आकडे बघायला वेळ कुठे होता? दिवा माहिती साठवत गेला आणि ती ठिपका बघत गेली.

नजीरने मोजणी लावली. पडद्यावर एक रेघ उमटत गेली. सुरुवातीचे महिने ती रेघ म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी सैल होती. कुठे लांबलचक थांबा, कुठे खाडाखोड, कुठे तासभर पत्त्यांचा डाव. मग एका मंगळवारी ती सकाळपुरती एकदम सावरली, आणि त्यानंतरच्या सकाळी पुन्हा सैल झालीच नाही.

"इथे कळलंय त्यांना," नजीर म्हणाला. "याच्या आदल्या दिवशी काही झालं होतं?"

गौतमीने तारीख पाहिली. काही आठवेना. मग दिव्याच्या नोंदीत आदल्या दिवसाचा पिवळा ठिपका दिसला आणि ते आठवलं. त्या सोमवारी आप्पांनी सकाळी संगणक लावला नव्हता. ती घाबरली होती. फोन केला, आप्पांनी उचलला, जिवात जीव आला, आणि त्या भरात ती बोलून गेली होती, "आज पेपर नाही वाचलात का कॉम्प्युटरवर?" आप्पा क्षणभर थांबले होते. मग म्हणाले होते, "नाही वाचला. नळाला पाणी उशिरा आलं."

एवढंच. तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

"यानंतर बघा," नजीर म्हणाला, आणि त्याने पुढचे महिने पडद्यावर आणले.

त्या मंगळवारनंतरच्या महिन्यांत पिवळे ठिपके वाढले होते. आठवड्यात एखादा, कधी दोन. एरवी नेमाने संगणक लावणारे आप्पा मधूनच एखाद्या सकाळी तो लावतच नसत. दुपारी मात्र निवांत पत्ते खेळत बसत. नोंदीत दुपारचे पत्तेही होते. कारण दिवा जागा राहून पाठवायचा फक्त सकाळचं, पण झोपेतही कळफलकाची नोंद दिवसभर ठेवायचा. त्या प्रत्येक पिवळ्या सकाळी गौतमीचा फोन अमळनेरला गेला होता. हिरव्या सकाळी कधीच गेला नव्हता. रविवारी फोन करायचा अशी तिची पूर्वी पद्धत होती, पण दिवा हिरवा दिसतोय म्हटल्यावर विचारायचं तरी काय, असं होता होता तीही मागे पडली होती.

"मी फोन करावा म्हणून ते कॉम्प्युटर बंद ठेवायचे," गौतमी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "आणि मी काय करायचे माहितीये? बरे आहात ना, बरं, मीटिंग आहे, ठेवते. मला वाटायचं दिवाच नीट बनला नाही माझ्याकडून. उगाच घाबरवतो."

"आणि इथून पुढे एकही पिवळा नाही," नजीर म्हणाला. "हे कधीचं?"

ती तारीख तिला न आठवता कळली. त्या दिवशी ठिपका पिवळा झाला आणि आप्पांनी फोनही उचलला नाही. तिने हातातलं काम टाकलं आणि गाडी काढून सरळ अमळनेर गाठलं. दार उघडंच होतं. आप्पा बाजारातून आले होते, फोन घरी विसरले होते, आणि ओट्यावर भरताची वांगी भाजत होते. तिला दारात बघून त्यांचा चेहरा फुलला. मग तिचे रडून सुजलेले डोळे त्यांना दिसले आणि तो चेहरा उतरला. ती त्यांच्यावर खूप चिडली होती. "फोन जवळ ठेवत जा ना, आप्पा. किती वेळा सांगायचं?" असं म्हणत होती. "भरीत होतंय, खाऊन जा," ते म्हणाले. तिने उभ्याउभ्याच दोन घास खाल्ले आणि ती दुपारीच निघाली. दुसऱ्या दिवशी आळीत नवी परीक्षा लागायची होती.

त्यानंतर आप्पांनी एकही सकाळ चुकवली नाही. पोरगी फोन करते ते बरंय, पण तिचा जीव असा टांगणीला लागतो हे त्यांनी त्या दिवशी पाहिलं, आणि आपल्या हातातली ती एकच युक्ती सोडून दिली.

पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. सकाळचा हात व्यवस्थित, नेटका. दुपारचे पत्ते मात्र महिन्यागणिक कमी होत गेले, शेवटच्या हिवाळ्यात तर बंदच झाले. दिवसभरात संगणकावर काही नाही. फक्त सकाळी, दिवा जागा असतो तेवढ्यापुरतं, कोणीतरी बसून पेपर उघडायचं आणि चार शब्द लिहून पुसायचं.

"आजारी होते ते," गौतमी म्हणाली.

नजीरने शेवटच्या दिवसांची रेघ मोठी करून पाहिली. मग त्याला बोलावंच लागलं. "ताई, एक अडचण आहे. शेवटचे काही दिवस हा हात त्यांचा नाही."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कोणाचा तरी आहे. चाल वेगळी आहे, बोटं कळफलकाला नवखी आहेत. माणूस कोण ते कोयंडा बघत नाही, त्याचं काम प्रणालींशी. म्हणून त्याने काही म्हटलं नाही. पण या हातालाही भान आहे. उलट जास्तच. घरात परकं कोण होतं हे कळल्याशिवाय तुम्हाला सही करता येणार नाही. नियमच आहे."

आप्पांकडे यायचं जायचं असं एकच माणूस होतं. शेजारच्या शैलाकाकू. अलीकडे आप्पांचे दोन्ही वेळचे डबे त्यांच्याकडूनच यायचे. गौतमीने त्यांना फोन लावला. ख्यालीखुशाली झाली, काकूंनी नाशिकच्या थंडीचं विचारलं.

"काकू," गौतमी म्हणाली, "आप्पांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्या कॉम्प्युटरवर कोण बसायचं?"

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुला कळलं म्हणजे," काकू म्हणाल्या. "तुला न सांगायचं वचन दिलं होतं गं मी त्यांना."

"आता सांगा."

"काय सांगू? त्यांना उठवतच नव्हतं. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर येऊन बघून जायचे. मी म्हटलं, गौतमीला कळवते, तर हात जोडायला लागले. म्हणाले, तिथे परीक्षा चालू आहे तिची, ती सगळं टाकून गाडी घेऊन निघेल, वाटेत काही झालं म्हणजे? म्हणाले, शैलाबाई, रोज सकाळी तेवढा कॉम्प्युटर लावत जा आणि पेपर उघडून चार अक्षरं टाइप करत जा. पोरीला तिकडे सगळं बरं दिसतं."

"मला काय दिसतं ते त्यांना माहीत होतं?"

"इतकं नाही गं माहीत. काहीतरी दिसतं तिला, असं म्हणायचे. त्यांना राग नव्हता हं त्याचा. मी एकदा विचारलं, मग सांगत का नाही तिला, की मला कळलंय म्हणून? तर म्हणाले, सांगितलं तर ती लाजेल आणि काढून टाकेल. मग सकाळी उठायचं कोणासाठी? कोणी बघतंय म्हणून तर मी उठून बसतो."

गौतमीने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर बसलेला नजीर उठून आळीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथल्या एका घरापाशी पाठमोरा उभा राहिला.

"काकू, एक विचारू? ज्या दिवशी ते गेले, त्या सकाळीही मला सगळं ठीकच दिसलं होतं."

"हो ना."

"म्हणजे तुम्ही कॉम्प्युटर लावलात, आणि मग ते गेले?"

"नाही गं बाई. मी चहा घेऊन गेले, तेव्हाच ते गेलेले होते. रात्रीच कधीतरी गेले असतील. मला काही सुचेना. आधी कॉम्प्युटर लावला, पेपर उघडला, त्यांनी सांगितलं होतं तसं टाइप केलं. मग समोरच्या घरातल्या बोरसेंना उठवलं आणि मग तुला फोन केला. एकदम तसलं काही दिसून घाबरायला नको तुला, कोणाच्या तरी तोंडून कळावं, असं वाटलं. चुकलं का गं माझं?"

"नाही काकू," गौतमी म्हणाली. "तुमचं काहीच चुकलं नाही."

फोन ठेवल्यावर ती रडली. नजीर आळीच्या त्या टोकालाच थांबला, तिचं रडणं ओसरेपर्यंत परत आला नाही. आला तेव्हा ध्वनिमुद्रण पुन्हा चालू होतं आणि तिच्यापुढच्या पडद्यावर फेरतपासणीचा निकाल उघडलेला होता. परका हात कोणाचा, याच्यापुढे तिने लिहिलं होतं : शेजारच्या बाई, घरच्याच. त्याखाली प्रश्न होता, घरातील व्यक्तींना नमुन्याची माहिती होती काय? तिने लिहिलं, होय. नमुना हेर ठरतो काय? नाही. शेवटी तिने उत्तीर्ण लिहिलं आणि खाली सही केली.

"ताई," नजीर म्हणाला, "हे असं व्हायला नको होतं."

"तुझं मोजमाप अचूक आहे, नजीर. ज्याला पत्ता लागू दिला जात नाही त्याचा हात सैल असतो, असं तू म्हणालास ना? आप्पा गेले त्या सकाळी हिरवा ठिपका बघून मी डबा भरला, केस विंचरले, गाणं गुणगुणत जिना उतरले. आप्पांना सगळं माहीत होतं, काकूंना माहीत होतं. आमच्यात ज्याला काही माहीत नव्हतं असं माणूस एकच होतं."